व्हिजिटर कुठून आला? रेफरर वाचायला शिका

तुमच्या वेबसाइटवर कोणी आलं, की तो कुठून आला हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. ब्राउझर जेवढं सांगेल तेवढंच कळतं. दारात उभा राहिलेला माणूस 'अमक्यांनी पाठवलंय' म्हणाला तर आपण मानतो. तो गप्प राहिला तर कोणी पाठवलं हे कळायला मार्ग नाही, आणि त्याने खोटं नाव घेतलं तरी लगेच ओळखू येत नाही. रेफररचं, म्हणजे 'मी अमक्या पानावरून आलो' असं ब्राउझर सर्व्हरला सांगतो त्या पत्त्याचं, असंच आहे. अ‍ॅनालिटिक्समधले (साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या टूलमधले) रंगीत तक्ते, 'डायरेक्ट', 'रेफरल', 'ऑरगॅनिक' हे कप्पे, यांतला मोठा भाग या सांगोवांगीवर उभा असतो.

नवीन माणसाची गफलत होते ती 'डायरेक्ट'पाशी. तो त्याचा अर्थ 'पत्ता टाइप करून थेट आलेले' असा घेतो आणि आपली साइट लोकांच्या तोंडी झाली म्हणून खूश होतो. 'डायरेक्ट'चा खरा अर्थ आहे 'माहीत नाही'. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा 'माहीत नाही'चा ढीग कमी कसा करायचा आणि उरलेला कसा वाचायचा यासाठी आहेत.

पायरी १: आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा

कोणतंही टूल लावण्याआधी हा प्रयोग करा. कॉम्प्युटरवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडा. गूगलवर काहीतरी शोधा आणि निकालांतल्या एखाद्या साइटवर क्लिक करा. पान उघडलं की एफ१२ दाबा, 'कन्सोल' टॅबवर जा, तिथे 'डॉक्युमेंट डॉट रेफरर' असं (अर्थात रोमन लिपीत, मध्ये खराखुरा टिंब देऊन) टाइप करा आणि एंटर मारा. उत्तरात गूगलचा पत्ता दिसेल, पण फक्त मुख्य पत्ता. तुम्ही काय शोधलं होतं ते त्यात नसेल.

आता त्याच पानाचा पत्ता कॉपी करा, नवीन रिकामा टॅब उघडून तिथे पेस्ट करा आणि पुन्हा तोच प्रयोग करा. या वेळी उत्तरात नुसती रिकामी अवतरणचिन्हं येतील. माणूस तोच, पान तेच, पण रेफरर नाही. बुकमार्कवरून आलेला, पत्ता टाइप करून आलेला आणि कोणीतरी पाठवलेली लिंक कॉपी-पेस्ट करून आलेला, हे तिघंही साइटला असेच दिसतात.

याच खिडकीत 'नेटवर्क' टॅब उघडा, पान रीलोड करा आणि यादीतल्या सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक करा. 'रिक्वेस्ट हेडर्स'मध्ये ब्राउझरने सर्व्हरला काय काय सांगितलं ते दिसतं, आणि रेफरर पाठवला असेल तर तो तिथेच असतो. शोधताना एक लक्षात ठेवा: हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला 'आर' एकच आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ या इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजात ते तसं छापलं गेलं आणि मग बदलणं कोणाला परवडलं नाही. जावास्क्रिप्टमध्ये आणि पुढे येणाऱ्या 'रेफरर-पॉलिसी'मध्ये मात्र दोन 'आर' आहेत. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) किंवा कोडमध्ये काही सापडत नसेल तर आधी हे तपासा.

पायरी २: किती सांगायचं हे कोण ठरवतं ते समजून घ्या

हे तुम्ही ठरवत नाही. ज्या पानावर लिंक आहे ते पान ठरवतं, आणि त्याने काही ठरवलं नसेल तर ब्राउझरचा नेहमीचा नियम लागू होतो. आजच्या प्रमुख ब्राउझरांमध्ये त्या नियमाचं नाव 'स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन' असं आहे. नाव लांबलचक, पण काम सोपं. एकाच साइटच्या आत एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात तर पूर्ण पत्ता जातो. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर गेलात तर फक्त मुख्य पत्ता जातो, म्हणजे कोणत्या लेखावरून आला ते गळून पडतं. आणि एचटीटीपीएस (म्हणजे सुरक्षित जोडणी) असलेल्या पानावरून साध्या एचटीटीपी पानावर गेलात तर काहीच जात नाही.

क्रोममध्ये हा नियम २०२० साली ८५ व्या आवृत्तीपासून आला, फायरफॉक्समध्ये २०२१ साली ८७ व्या आवृत्तीपासून. त्याआधी पूर्ण पत्ता जायचा. म्हणून 'कोणत्या लेखातून लोक आले ते रिपोर्टमध्ये बघा' असं सांगणारे जुने लेख वाचून डोकं खाजवू नका. आज बहुतेक वेळा साइटचं नाव कळतं, पान कळत नाही. पान शोधायचंच असेल तर त्या साइटच्या आत तुमच्या डोमेनचं नाव गूगलवर शोधा ('साइट' हा शब्द, अपूर्णविराम, त्यांचा पत्ता आणि मग तुमचं नाव), किंवा सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमधला 'लिंक्स' हा रिपोर्ट उघडा. दोन्ही उपाय अपुरे आहेत, पण बऱ्याचदा तेवढ्यात काम भागतं.

समोरच्या साइटला हवं असेल तर ती याहूनही कमी सांगू शकते. पूर्ण पानासाठी 'नो-रेफरर' धोरण लावता येतं, किंवा एकेका लिंकवर 'नोरेफरर' लिहिता येतं. अशा ठिकाणाहून आलेला माणूस तुमच्याकडे मुक्यानेच येतो, मग त्यांनी तुमचं कितीही कौतुक केलेलं असो.

इथून तुमच्या हातात येणारं पहिलं काम निघतं. तुमची साइट अजून साध्या एचटीटीपीवर असेल तर ती एचटीटीपीएसवर न्या. नाहीतर सुरक्षित साइटवरून येणारा जवळजवळ प्रत्येक रेफरर वाटेतच गळतो. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं, आणि बहुतेक होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ते एका बटणावर लागतं.

पायरी ३: सर्व्हर लॉगमधली एक ओळ सोडवून बघा

अपाची किंवा एनजिनएक्स सर्व्हरच्या 'कम्बाइन्ड' प्रकारच्या लॉगमध्ये प्रत्येक मागणीची एक ओळ असते. खऱ्या लॉगमध्ये ती रोमन लिपीत असते, ढाचा असा:

२०३.०.११३.७ - - [१२/मार्च/२०२४:१०:१५:३२ +००००] "गेट /दरपत्रक एचटीटीपी/१.१" २०० ५१२० "एचटीटीपीएस://दुसरी-साइट.कॉम/" "मोझिला/५.० …"

डावीकडून आयपी पत्ता, वेळ, कोणतं पान मागितलं, सर्व्हरचं उत्तर (२०० म्हणजे पान मिळालं), किती बाइट्स पाठवले, मग रेफरर, आणि शेवटी ब्राउझरची ओळख. रेफररच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर ब्राउझरने काही सांगितलं नाही.

पहिल्यांदा लॉग उघडला की धक्का बसतो, कारण अर्ध्याअधिक ओळींत रेफरर म्हणून तुमचंच डोमेन दिसतं. काळजीचं कारण नाही. पान उघडल्यावर त्यातली चित्रं, स्टाइलच्या फायली, स्क्रिप्ट या सगळ्यांची वेगळी मागणी जाते आणि तिचा रेफरर तुमचं पानच असतं. या ओळी गाळा, मग चित्र आणि स्टाइलच्या फायली गाळा, आणि जे उरेल ते वाचा.

अ‍ॅनालिटिक्सचे आकडे आणि लॉगचे आकडे जुळणार नाहीत. जुळवत बसू नका. अ‍ॅनालिटिक्स हे पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टमधून मोजतं, त्यामुळे ज्यांनी अ‍ॅड-ब्लॉकर लावलाय ते त्यातून सुटतात. लॉगमध्ये सगळे येतात, पण त्यात बॉटही (आपोआप फिरणारे प्रोग्राम) धरून येतात. रोजच्या वापरासाठी अ‍ॅनालिटिक्स बरं. काही संशयास्पद वाटलं की खात्री करायला लॉगकडे जायचं.

पायरी ४: रिपोर्टमधली नावं ओळखायला शिका

गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये 'ट्रॅफिक अ‍ॅक्विझिशन' रिपोर्ट उघडा आणि पहिल्या रकान्यात 'सेशन सोर्स / मीडियम' निवडा. सोर्स म्हणजे कुठून, मीडियम म्हणजे कोणत्या प्रकारे. 'गूगल / ऑरगॅनिक' म्हणजे गूगल शोधातून, जाहिरातीतून नव्हे. कुठल्या तरी साइटचं नाव आणि पुढे 'रेफरल' असेल तर त्या साइटवरच्या लिंकवरून. 'डायरेक्ट / नन' म्हणजे वर सांगितलेला मुका.

एकच ठिकाण अनेक नावांनी येतं, हे ठाऊक नसेल तर बेरीज चुकते. फेसबुकच्या पत्त्याआधी कधी 'एल', कधी 'एम', कधी 'एलएम' अशी अक्षरं लागून वेगवेगळ्या ओळी पडतात. कारण फेसबुक बाहेर जाणारी लिंक स्वतःच्या एका मधल्या पत्त्यावरून पाठवतं, आणि मोबाइलसाठी पत्ता वेगळा असतो. या सगळ्या ओळी मिळून फेसबुक एकच. एक्सवरून (पूर्वीचं ट्विटर) आलेले 'टी डॉट को' या नावाने दिसतात. कोणत्या पोस्टवरून आले ते त्यातून कळत नाही. अँड्रॉइडवरच्या काही अ‍ॅपमधून आलेल्यांचा रेफरर 'अँड्रॉइड-अ‍ॅप' या शब्दाने सुरू होतो आणि पुढे अ‍ॅपचं तांत्रिक नाव असतं. ते विचित्र दिसलं तरी स्पॅम नाही.

गूगलवर लोकांनी काय शोधलं ते इथे मिळणार नाही. पूर्वी शोधलेले शब्द रेफररमधूनच कळायचे. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने लॉगिन केलेल्यांचा शोध एन्क्रिप्टेड करायला सुरुवात केली, २०१३ मध्ये तेच सगळ्यांना लागू झालं, आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये त्या जागी 'नॉट प्रोव्हायडेड' दिसू लागलं. आता ते शब्द बघायचे तर सर्च कन्सोल.

पायरी ५: 'डायरेक्ट'चं गाठोडं सोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बाकीचे कप्पे बरेचसे जे म्हणतात तेच असतात; हा एक नाही.

यात कोण कोण असतं? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर क्लिक करणारे. मोबाइलच्या मेल अ‍ॅपमधून येणारे. एसएमएस, पीडीएफ किंवा वर्डच्या फायलीतली लिंक दाबणारे. क्यूआर कोड स्कॅन करणारे. 'नोरेफरर' लावलेल्या साइटवरून येणारे. गटागटांत खासगी रीतीने फिरणाऱ्या लिंकांच्या या न दिसणाऱ्या वाहतुकीला २०१२ पासून 'डार्क सोशल' असं नाव पडलं आहे.

शिवाय काही मुके आपणच तयार करतो. समजा तुमच्या साइटवर कुकीच्या संमतीची पट्टी आहे आणि 'मान्य' म्हटल्यावरच अ‍ॅनालिटिक्स सुरू होतं. माणूस एका बातमीच्या साइटवरून आला, पट्टीकडे दुर्लक्ष करून दुसऱ्या पानावर गेला आणि तिथे 'मान्य' दाबलं. अ‍ॅनालिटिक्स जागं झालं तेव्हा त्याला रेफरर म्हणून तुमचंच पहिलं पान दिसलं. बातमीची साइट हिशेबातून गेली आणि भेट 'डायरेक्ट'मध्ये जमा झाली. ज्या पानावर मोजणीचा कोडच बसवायचा राहिलाय त्या पानावर उतरणाऱ्यांचंही हेच होतं. आणि साइट उघडल्यावर 'भाषा निवडा' असं पान दाखवून जावास्क्रिप्टने पुढे ढकलत असाल तरीही हेच. सर्व्हरकडून होणाऱ्या ३०१ किंवा ३०२ रीडायरेक्टमध्ये (सर्व्हरच ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो तेव्हा) मूळ रेफरर सहसा टिकतो. जावास्क्रिप्टने उडी मारली की मधलं पान हाच रेफरर होतो. शक्य असेल तिथे सर्व्हरचाच रीडायरेक्ट वापरा.

आता गाठोडं सोडायची पद्धत. 'डायरेक्ट'वाले कोणत्या पानावर उतरले त्याची यादी काढा. अ‍ॅनालिटिक्समध्ये त्याला 'लँडिंग पेज' म्हणतात. मुख्य पानावर उतरलेले खरोखर पत्ता टाइप करून किंवा बुकमार्कवरून आलेले असू शकतात. पण तीन तिरक्या रेघा आणि सहा शब्द असलेला लेखाचा पत्ता कोणी हाताने टाइप करत नाही. अशा पानावर 'डायरेक्ट'ची लाट दिसली की ती लिंक कोणीतरी कुठेतरी पाठवली आहे. मग वेळ बघा. तुम्ही मेल पाठवल्यावर तासाभरात लाट आली असेल तर तो मेल. तुम्ही काहीच केलं नसताना एका लेखावर मोबाइलवरून अचानक गर्दी झाली असेल तर तो बहुधा चॅटच्या गटांत फिरतोय.

लॉगमध्ये आणखी एक धागा मिळतो. फेसबुक बाहेरच्या लिंकांना स्वतःहून 'एफबीसीएलआयडी' नावाची शेपटी लावतं. रेफररच्या जागी रेघ आहे पण मागितलेल्या पत्त्यात ही शेपटी आहे, म्हणजे ती लिंक बहुधा फेसबुकवरून निघाली होती.

पायरी ६: स्वतःच्या लिंकांवर स्वतःच खूण करा

दुसऱ्यांनी दिलेल्या लिंकांचं आपण फारसं काही करू शकत नाही, पण आपण स्वतः पाठवतो त्या लिंकांच्या पत्त्याला यूटीएम नावाची खूण लावता येते. अर्चिन नावाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून ही पद्धत आली. गूगलने ती कंपनी २००५ मध्ये घेतली आणि पुढे त्यातूनच गूगल अ‍ॅनालिटिक्स उभं राहिलं. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन पुढे 'यूटीएम-सोर्स', 'यूटीएम-मीडियम', 'यूटीएम-कॅम्पेन' यांच्या किमती लिहायच्या. (मधली रेघ मी वाचायच्या सोयीसाठी दिली आहे, प्रत्यक्षात तिथे अंडरस्कोर असतो.) आणखी दोन आहेत, 'टर्म' आणि 'कंटेंट', पण सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नका. गूगलचं 'कॅम्पेन यूआरएल बिल्डर' हे फुकट पान वापरलंत तर टायपिंगच्या चुका टळतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटासाठी सोर्स 'व्हॉट्सअ‍ॅप', मीडियम 'सोशल'. मेलसाठी सोर्स 'न्यूजलेटर', मीडियम 'ईमेल'. लिंकवर यूटीएम असेल तर रेफरर काहीही असो, अ‍ॅनालिटिक्स यूटीएमचंच ऐकतं.

नावं कायम लहान अक्षरांत लिहा, कारण इंग्रजी कॅपिटल अक्षर वापरलं की रिपोर्टमध्ये तीच गोष्ट दुसरी ओळ होऊन बसते. ठरवलेली नावं एका शीटमध्ये लिहून ठेवा. चार जण काम करत असतील तर महिन्याभरात 'ईमेल', 'ई-मेल', 'मेल' असं कडबोळं होतं. पत्त्यात हॅशचं चिन्ह असेल तर यूटीएम त्याच्या आधी आलं पाहिजे. छोटी केलेली लिंक वापरत असाल तर एकदा स्वतः क्लिक करून बघा, कारण काही रीडायरेक्ट प्रश्नचिन्हाच्या पुढचं सगळं खाऊन टाकतात. आणि साइटच्या आतल्या लिंकांना, म्हणजे मुख्य पानावरच्या बॅनरला वगैरे, यूटीएम कधीही लावू नका. माणूस गूगलवरून आलेला असतो, बॅनरवर क्लिक करतो, आणि हिशेबात नाव बॅनरचं लागतं.

यूटीएमही उलट्या बाजूने फसवतं. तुमच्या मेलमधली लिंक उघडून कोणी पूर्ण पत्ता कॉपी केला आणि गटात टाकला, तर त्या गटातून येणारे सगळे 'न्यूजलेटर' म्हणून मोजले जातात. मेल उघडणाऱ्यांपेक्षा मेलवरून आलेले जास्त दिसले तर समजून जा.

पायरी ७: खोटे आणि उपरे रेफरर बाजूला काढा

ऑनलाइन विक्री करत असाल तर पहिला संशयित पेमेंट गेटवे. ग्राहक पैसे भरायला गेटवेच्या पानावर जातो आणि परत येतो; परत येताना रेफरर गेटवेचा. मग रिपोर्ट सांगतो की सगळी विक्री पेमेंट गेटवेने मिळवून दिली. हे थांबवायला अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये 'अ‍ॅडमिन', तिथून 'डेटा स्ट्रीम्स', मग 'कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज', आणि तिथे 'लिस्ट अनवाँटेड रेफरल्स'मध्ये गेटवेचं डोमेन टाका. बँकेच्या ओटीपी पानांची डोमेनंही दिसत असतील तर तीही. ही यादी पुढच्या काळासाठी लागू होते, जुने आकडे सुधारत नाहीत, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात उरका.

दुसरा प्रकार स्पॅमचा. रेफरर ही ब्राउझरने सांगितलेली गोष्ट, आणि ब्राउझरच्या जागी बॉट असेल तर तो वाटेल ते सांगतो. 'कर्ल' या कमांडला 'ई' हा पर्याय देऊन हवा तो रेफरर पाठवता येतो. त्याला एक ओळ पुरते. अनोळखी डोमेनवरून एकाएकी शेकडो भेटी, थांबण्याचा वेळ शून्य, असं दिसलं तर ते डोमेन उघडून बघू नका. मालकाने उत्सुकतेपोटी क्लिक करावं एवढ्यासाठीच तो उद्योग असतो. काही स्पॅमवाले तर तुमच्या साइटला हातही न लावता थेट अ‍ॅनालिटिक्सकडे खोट्या नोंदी पाठवतात. त्या वेळेच्या लॉगमध्ये तशी एकही ओळ नसेल तर हा तोच प्रकार.

याच कारणाने रेफररवर कुलूप बसवू नका. 'अमुक साइटवरून आला तरच फाइल उतरवू द्या' ही अट जाणकार माणूस मिनिटभरात ओलांडतो, आणि ज्याचा ब्राउझर रेफरर पाठवत नाही तो प्रामाणिक माणूस मात्र बाहेर राहतो. दुसऱ्यांनी तुमची चित्रं परस्पर वापरू नयेत म्हणून असा अडसर लावतात, तेवढ्यापुरता ठीक आहे. पण तिथेही रिकाम्या रेफररला आत सोडा.

पायरी ८: तुमच्याकडून बाहेर काय जातं तेही बघा

तुमच्या पानांचे पत्तेही दुसऱ्यांकडे रेफरर म्हणून जातात: नेहमीच्या नियमाने फक्त मुख्य पत्ता, पण जुन्या ब्राउझरमधून किंवा सैल धोरण असेल तर पूर्ण. नुसत्या लिंकवरून नव्हे. पानावर बाहेरून आणलेला प्रत्येक फाँट, चित्र, जाहिरातीची स्क्रिप्ट यांच्या मागणीसोबतही जातात. म्हणून पत्त्यात नाव, ईमेल, फोन नंबर असं काही येऊ देऊ नका. फॉर्म 'गेट' पद्धतीने पाठवला की भरलेली सगळी माहिती पत्त्यात उतरते. तिथे 'पोस्ट' वापरा. अमेरिकेच्या आरोग्य विम्याच्या सरकारी साइटवरून वय आणि धूम्रपानाबद्दलची उत्तरं अशीच बाहेरच्या कंपन्यांकडे जात असल्याचं २०१५ मध्ये उघड झालं होतं. पत्त्यातला हॅशच्या पुढचा भाग मात्र रेफररमध्ये कधीच जात नाही.

पासवर्ड बदलण्याच्या पानावर 'रेफरर-पॉलिसी: नो-रेफरर' हा हेडर लावा, कारण तिथल्या पत्त्यात गुप्त टोकन असतो. बाकी साइटला ब्राउझरचा नेहमीचा नियम पुरेसा आहे. 'अनसेफ-यूआरएल' हे धोरण कुठे सुचवलेलं दिसलं तरी घेऊ नका. ते पूर्ण पत्ता सगळीकडे पाठवतं, अगदी असुरक्षित साइटलाही.

काही एडिटर नवीन टॅबमध्ये उघडणाऱ्या लिंकांना 'नोओपनर'सोबत (नव्या पानाला जुन्या पानावर ताबा मिळू न देणारी खूण) 'नोरेफरर'ही चिकटवतात. सुरक्षिततेसाठी पहिला पुरतो. दुसरा ठेवलात तर ज्यांची तुम्ही शिफारस केलीत त्यांच्या रिपोर्टमध्ये तुमचे वाचक 'डायरेक्ट' म्हणून जमा होतात, त्यामुळे तो काढून टाका. मग आपल्याच पानावरून बाहेरच्या एखाद्या लिंकवर जाऊन कन्सोलमध्ये पुन्हा 'डॉक्युमेंट डॉट रेफरर' विचारा. तुमच्या साइटचा मुख्य पत्ता दिसला, की लिंक नीट लागली.